यकृताचा कर्करोग : लसिका ग्रंथी आणि इम्युनोथेरपी

यकृताच्या पेशींमध्ये उद्भवणारा कर्करोग बराच काळ लक्षणांवाचून वाढत राहतो. परिणामी, निदान होईपर्यंत अनेकदा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. अशा रुग्णांसाठी इम्युनोथेरपी हा महत्त्वाचा पर्याय ठरला आहे. मात्र रोग लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचल्यास या उपचारापुढील आव्हान वाढते.

उपचारामागील तत्त्व

शरीरातील टी-पेशी कर्कपेशींना ओळखून नष्ट करू शकतात; परंतु टी-पेशींवरील पीडी-१ हे प्रथिन त्यांच्या कार्याला आवर घालते. कर्कपेशी याच यंत्रणेचा लाभ घेऊन बचावतात. इम्युनोथेरपीची औषधे हा आवर दूर करतात. या दिशेने केलेल्या मूलभूत संशोधनासाठी जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५०१ रुग्णांच्या चाचणीत ॲटेझोलिझुमॅब व बेव्हॅसिझुमॅब ही औषधे एकत्रित घेणाऱ्यांपैकी ६७.२ टक्के रुग्ण वर्षभरानंतर हयात होते. सोराफेनिब घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ५४.६ टक्के होते.

लसिका ग्रंथींची दुहेरी भूमिका

लसिका ग्रंथी ही टी-पेशींची जणू प्रशिक्षणशाळाच होय. कर्कपेशींची ओळख त्यांना येथेच पटते व येथूनच त्या गाठीकडे रवाना होतात. ग्रंथींतच कर्कपेशींनी ठाण मांडले, तर या प्रशिक्षणात बाधा येऊ शकते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उंदरांमधील त्वचेच्या कर्करोगावरील प्रयोगांत असे आढळले, की ग्रंथींत शिरलेल्या कर्कपेशी प्रतिकार दडपणाऱ्या नियामक टी-पेशींना चालना देतात आणि त्यामुळे रोगाचा दूरवर प्रसार सुलभ होतो. यकृताच्या कर्करोगातही ग्रंथींतील प्रसार ही प्रगत अवस्था मानली जाते. तथापि, अशा वेळी उपचार निरर्थक ठरतो, असे नव्हे. उपरोक्त चाचणीत यकृताबाहेर रोग पसरलेल्या रुग्णांचाही समावेश होता.

प्रतिबंधाची दिशा

प्रगत अवस्थेतील उपचारांच्या या मर्यादा पाहता प्रतिबंधाचे महत्त्व अधिकच ठळक होते. हिपॅटायटिस ‘बी’ व ‘सी’ हे विषाणू, मद्यपान आणि यकृतातील मेदवृद्धी ही या रोगाची प्रमुख कारणे आहेत. भारतात हिपॅटायटिस ‘बी’ लसीकरणाचा २०११ मध्ये देशभर विस्तार झाला. पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत देणे अपेक्षित असते. २०१८ मध्ये राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमही सुरू झाला. नवजात बालकाला वेळेवर मिळालेली ही लस कर्करोगाचे एक प्रमुख कारणच दूर करते.