लोकर द्या, कसर नको

मोहेरचा गुंडा कुणाला देण्याआधी पंधरा दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. कुणी दिलेला घरात घेतानाही तेच करा. म्हैसूरच्या अग्रहारात आम्ही विणणाऱ्या बायका हे फार नुकसान सोसून शिकलो. ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून लिहिते आहे.

रंगीत पट्ट्यांचा मोहेर स्कार्फ विणायचा तर लोकर वाटून घेण्यावाचून गत नसते. मोहेर आणि रेशमाचा बारीक धागा बहुधा 25 ग्रॅमच्या गुंड्यात येतो आणि तेवढ्यात 200 मीटरच्या वर धागा भरतो. हळदी रंगाचा एक पट्टा, मग जांभळा, मग मोरपंखी असे घालत गेले की प्रत्येक रंगाचा थोडाच भाग लागतो, बाकीचा पडून राहतो. शिवाय हा धागा इथे सहजी मिळत नाही. मोहेर म्हणजे अंगोरा शेळीचे केस, आणि ते जगात सर्वांत जास्त दक्षिण आफ्रिकेतून येतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने संगमनेरी शेळ्यांचा अंगोरा बोकडांशी संकर करून इथेच मोहेर पिकवण्याचे प्रयोग केले होते, पण त्यातून काही आपल्या दुकानांत देशी मोहेर आला नाही. त्यामुळे कुणाची मुलगी परदेशातून येताना जे आणेल, त्यावर आमची सगळ्यांची भिस्त. मराठी, कन्नड, तमिळ अशा घरांतल्या आम्ही जणी मिळून एक टोपली चालवत होतो. उरलेले त्यात टाकायचे, हवे ते घ्यायचे.

त्या टोपलीत एकदा जुन्या लोकरीची पिशवी आली. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई वारल्या, त्यांच्या ट्रंकेतली ती लोकर. लेबले शाबूत, रंग असे की पाहताच हात पुढे व्हावा. सगळ्यांनी आनंदाने वाटून घेतली. पावसाळा सरला आणि माझ्या कपाटातल्या तयार स्कार्फचे धागे जागोजागी तुटलेले दिसले. टोपली उपसली तर तळाशी पांढरी जाळी, तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या आणि वाळूसारखी विष्ठा. तोवर ती लोकर बऱ्याच घरांत पोचली होती. एका अक्कांची लग्नातली काश्मिरी शाल चाळणीसारखी झाली. ती त्यांच्या आईने दिलेली होती.

मोहेरमध्ये कसर लवकर दिसत नाही, हे त्यातले सर्वांत वाईट. धाग्यावरच्या लवीत अळीची जाळी बेमालूम लपते. उडणारे फिकट सोनेरी पाखरू काही खात नाही, खाते ती अळी. पण एक मादी 40-50 अंडी घालते. ही पाखरे दिव्यावर येत नाहीत, अंधारातच राहतात. म्हैसुरात कडाक्याची थंडी पडत नाही, त्यामुळे त्यांची वाढ वर्षभर चालूच. म्हणून गुंडा हातात घेतल्यावर खिडकीपाशी न्या, लव दोन बोटांनी बाजूला करा आणि आतल्या थरापर्यंत पाहा. तुटकी टोके सापडली तर ती पिशवी तिथेच घट्ट बांधा.

फ्रीझरची रीत सांगते. लोकर प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून टाका आणि उणे 18 अंशांवर पंधरा दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका; ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव धरून धागा ओला होतो. चार-सहा दिवसांनी पुन्हा एकदा गोठवा, म्हणजे पहिल्या खेपेला वाचलेली अंडी दुसऱ्या खेपेला सापडतात. कडुलिंबाचा पाला आणि वेखंड आमच्या आज्या ठेवायच्या, मीही ठेवते, पण त्याने अंडी मरतील या भरवशावर राहू नका. ऊन चांगले, मात्र झटकून आणि उलटून-पालटून दाखवायला हवे आणि भडक रंग उन्हात विटतात. डांबरगोळ्यांबद्दल मी ठाम आहे: तान्ह्या बाळाच्या कपड्यांजवळ त्या कधीच नकोत. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका एन्झाइमची कमतरता असते आणि अशा बाळांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटू शकतात.

वापरलेला स्कार्फ न धुता कपाटात ठेवू नका. घामाची, खरकट्याची लोकर अळीला अधिक आवडते. कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून बुडवा, चोळू नका, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा आणि आडवा पसरून वाळवा.

लेबल नसलेला धागा आला तर टोकाचा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. रेशमाच्या गावात ही परीक्षा सगळ्यांना ठाऊक आहे. खऱ्या मोहेरला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. अ‍ॅक्रिलिक कसर खात नाही, तेव्हा त्याला फ्रीझर नको.

या सगळ्यात लोकरीपेक्षा मोठे नुकसान होता होता राहिले. जिने ती पिशवी आणली होती, ती लाजेने यायचीच थांबली. तिचा काय दोष? बंद ट्रंकेत कसर कुणाच्याही घरी लागते. आम्ही तिच्या घरी गेलो, अक्काही आल्या. शालीचा विषय त्यांनीच काढला आणि रफू करायला तिलाच बरोबर घेतले.

आता टोपलीऐवजी झाकणाचे डबे आहेत. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी असते: धागा कशाचा, रंगाचा नंबर, डाय लॉट, फ्रीझरमध्ये दोन्ही वेळा ठेवल्याच्या तारखा. लोकर नवी असो वा जुनी, कुणाच्याही घरची असो, नियम एकच. देणारीचे नाव आम्ही लिहीत नाही.