इटालियन शिकूया : विमानाची चौकशी आणि तिकीट



इटलीत शिकायला गेलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने तिकीट काउंटरवर पाठ केलेला प्रश्न अगदी अचूक विचारला. समोरून भराभर उत्तर आलं आणि ती गप्पच झाली! प्रश्न पाठ होता, पण उत्तर कसं येईल याची तयारी नव्हती. चूक माझीच, मी फक्त प्रश्न शिकवले होते. म्हणून आजचा पाठ प्रश्नोत्तरांच्या जोडीने घेऊ.

आधी उच्चार. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, त्यामुळे मुलांना ते सोपे जातात. जोडाक्षर मात्र खाऊ नका.

१) वोर्रेइ प्रेनोतारे उन वोलो पेर रोमा. – मला रोमचं विमान बुक करायचं आहे.
'वोर्रेइ' नम्र आहे. 'वोल्यो' म्हटलं की 'मला पाहिजेच' असा सूर लागतो.

२) चे उन वोलो दिरेत्तो? – थेट विमान आहे का?
उत्तर : 'सी' (हो) किंवा 'नो, चे उनो स्कालो' (नाही, मध्ये एक थांबा आहे).

३) क्वान्तो कोस्ता? – किती पैसे?
इथे उलट प्रश्न येतो : 'सोलो अंदाता?' (फक्त जायचं?) की 'अंदाता ए रितोर्नो?' (जाऊन-येऊन?)

४) इल बागाल्यो ए इन्क्लूझो? – सामान तिकिटात धरलं आहे का?

५) आ के ओरा पार्ते? – किती वाजता सुटतं?
उत्तर : 'अल्ले क्वात्तोर्दिची', म्हणजे १४ वाजता, आपले दुपारचे २. 'सेइ' (६) आणि 'सेत्ते' (७) कान देऊन ऐका.

६) दा क्वाले आएरोपोर्तो? – कोणत्या विमानतळावरून?
हा प्रश्न विसरू नका. मिलानचा लिनाते विमानतळ शहराला लागून आहे, तर मालपेन्सा सुमारे ५० किलोमीटर दूर. चुकीच्या ठिकाणी पोहोचलात तर विमान गेलंच समजा.

वार लक्षात ठेवणं सोपं आहे. मार्तेदी म्हणजे मंगळवार, मेर्कोलेदी बुधवार, जोवेदी गुरुवार, वेनेर्दी शुक्रवार. तिथेही ग्रह आपलेच! लुनेदी म्हणजे चंद्राचा, अर्थात सोमवार. फक्त 'दोमानी' (उद्या) आणि 'दोमेनिका' (रविवार) यांत गल्लत करू नका.

फलकावर 'इन रितार्दो' दिसलं तर उशीर, 'कांचेल्लातो' दिसलं तर विमान रद्द. आणि काहीच कळलं नाही तर 'प्वो रिपेतेरे, पेर फावोरे?' – कृपया पुन्हा सांगाल का? हे वाक्य सगळ्यात आधी पाठ करून घ्या.

उपक्रम : वर्गात किंवा घरी टेबलाचं काउंटर करा. एकाने प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने दर वेळी वेगळं उत्तर द्यायचं. ऐकणाऱ्याने वार, वेळ आणि विमानतळ वहीत लिहायचं. तीनही बरोबर आले, तरच तिकीट मिळालं!