एअरबेड कुठे मिळेल? ग्रंथालयात उत्तर ठेवायचा खर्च

डोंबिवलीत संध्याकाळी आठला एखाद्याला एअरबेड हवा असतो. घरचं माणूस उद्या सकाळी रुग्णालयातून सुटणार असतं. रुग्णसाहित्य केंद्र जवळच कुठेतरी आहे एवढं ऐकलेलं असतं. पण पूर्वेला की पश्चिमेला, अनामत किती, रविवारी उघडं असतं का, हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या यादीत सापडत नाही. ही माहिती नीट लावून ठेवणं हे ग्रंथालयाचंच काम आहे, असं मला मनापासून वाटतं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं. लोक विचारायला जातील ते अशाच ठिकाणी.

त्यासाठी नवी पद्धत शोधायची गरज नाही. पुस्तकांच्या नोंदींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मार्क 21 या मानकाचा एक स्वतंत्र भाग स्थानिक संस्था, सेवा आणि उपक्रमांसाठीच आहे. पत्ता 270 या रकान्यात, वेळ 307 मध्ये, कोणाला मिळतं आणि शुल्क किती ते 531 मध्ये, कसं पोचायचं ते 574 मध्ये. आपल्याकडे 574 फार मोलाचा. ‘स्टेशनजवळ’ एवढंच लिहिलं तर माणूस पूल चढून चुकीच्या बाजूला उतरतो.

मानकाची कागदपत्रं मोफत वाचता येतात. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि 2000 सालापासून वापरात असलेली ‘कोहा’ ही प्रणालीही फुकट मिळते. तिच्यात अशा नोंदींसाठी वेगळा साचा करता येतो. पैसे लागतात ते ती बसवायला, कर्मचाऱ्यांना शिकवायला आणि सर्व्हरला. दरपत्रक मागताना उभारणी, प्रशिक्षण, वार्षिक देखभाल आणि 18 टक्के जीएसटी हे वेगवेगळे लिहून मागा. एकगठ्ठा आकडा आला की पुढच्या वर्षी काय भरायचं ते कळत नाही. जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असेल तर युनिकोड रूपांतर आणि त्यानंतरचं मुद्रितशोधन यांचा दरही आधीच ठरवा. जोडाक्षरं तिथेच तुटतात.

मोठा खर्च मात्र माणसाच्या वेळेचा. फोन करून, विचारून, नोंद भरायला 20 मिनिटं धरा. 300 नोंदींना 100 तास. तासाला 100 रुपये मानधन दिलं तर 10,000 रुपये. नंतर वर्षातून दोनदा प्रत्येक संस्थेला पडताळणीसाठी 5 मिनिटांचा फोन करायचा, म्हणजे वर्षाला 50 तास आणि 5,000 रुपये. दोन वर्षांत पडताळणीचा खर्च मूळ कामाइतका होतो. कार्यकारी मंडळ पहिल्या रकमेला आनंदाने मंजुरी देतं, दुसरी अंदाजपत्रकात येतच नाही. मग केंद्राची जागा बदलते, नोंद तशीच राहते, आणि रात्री साडेआठला कुणीतरी बंद शटरसमोर उभं राहतं.

शोधाचीही एक गोष्ट आधी करून घ्या. ‘ज्येष्ठ नागरिक संघ’ शोधताना बरेच लोक ‘जेष्ठ’ टाइप करतात. शुद्ध रूप मुख्य ठेवून चुकीचं रूप प्रमाण-नोंदीत, म्हणजे नावाचं ठरलेलं रूप जिथे ठेवतात त्या नोंदीत, पर्यायी म्हणून जोडता येतं, आणि कोहातली त्यासंबंधीची सेटिंग चालू केली की दोन्ही शोधांना तीच संस्था मिळते. उभारणीच्या कामातच हे लिहून घ्या. नंतर वेगळे पैसे मागितले जातात.

करारात एक वाक्य हवंच: सगळ्या नोंदी मार्क स्वरूपात, मागितल्यावर, विनाशुल्क ग्रंथालयाला मिळतील. ते नसेल तर देखभाल करणारा बदलताना सगळं पुन्हा टाइप करायची वेळ येऊ शकते. आणि स्वयंसेवकाचा खासगी मोबाइल नंबर त्याच्या लेखी संमतीशिवाय नोंदवू नका. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी हे करू नये.

सुरुवात एका प्रभागातल्या 50 नोंदींनी करा. साधारण 17 तास, वरच्या दराने 1,700 रुपये. रुग्णसाहित्य, रक्तपेढी, ज्येष्ठांचे संघ, सभागृहं आधी घ्या, आणि प्रत्येक नोंदीत शेवटची पडताळणी कोणत्या तारखेला झाली ते लिहा, वाचकाला दिसेल असं.