ऑनलाइन शाळा आणि शेवटच्या वाडीतील मूल

शिक्षण ही कृपा नव्हे, तो हक्क आहे, हे तत्त्व आपल्या देशाने २००९ च्या बालकांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाच्या कायद्याने मान्य केले. १ एप्रिल २०१० पासून हा कायदा अमलात आला. ६ ते १४ या वयातील प्रत्येक बालकास तो लागू आहे. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. हक्क देण्यात आला आहे तो बालकास, शाळेच्या इमारतीस नव्हे. इमारतीस टाळे लागले म्हणून हक्कास टाळे लागत नाही.

या तत्त्वाची कसोटी २०२० साली लागली. कोविडच्या साथीमुळे मार्च महिन्यात देशभरातील शाळा बंद झाल्या आणि फळ्याची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली. ती साथ ओसरली, शाळाही पूर्ववत सुरू झाल्या. परंतु पडद्यावरील शाळा मात्र राहिली. दिल्ली सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये संपूर्णपणे ऑनलाइन चालणारी शाळा सुरू केली. दीक्षा या मंचावरील पाठ आजही वापरात आहेत. अशा शाळेत सर्वांना समन्यायाने स्थान कसे मिळेल, याचा विचार शिक्षक, विस्तार अधिकारी, पंचायत सदस्य व पालक या सर्वांनी करणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखाचा तोच उद्देश आहे.

बाजारकुणंगचे उदाहरण

कोणत्याही योजनेची परीक्षा तिच्या केंद्रस्थानी होत नाही, शेवटच्या टोकाला होते. म्हणून या अभ्यासासाठी आपण उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील बाजारकुणंग हे गाव डोळ्यांपुढे ठेवू. हा तालुका क्षेत्रफळाने विस्तीर्ण आहे, पण वस्ती अतिशय विरळ. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण तालुक्याची लोकसंख्या पन्नास हजारांच्या घरात होती. सह्याद्रीचे दाट जंगल, काळी व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र, एका गावाच्या दूरदूर विखुरलेल्या वाड्या आणि मुसळधार पावसाळा, असे येथील स्वरूप आहे. कुणबी, गवळी व सिद्दी हे समाज या तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. घरात कोकणी अथवा मराठी बोलली जाते, सरकारी व्यवहार कानडीत चालतो आणि मोबाइल बहुधा इंग्रजीत बोलतो.

याच तालुक्यात काळी नदीवर सुपा धरण उभे आहे. त्याच्या पाण्यावर निर्माण होणारी वीज दूरदूरच्या शहरांना उजेड देते. परंतु जंगलातून जाणाऱ्या तारांवर पावसाळ्यात झाड कोसळले की वाडीचा उजेड जातो, मोबाइलचा मनोराही मुका होतो. अशा वेळी सकाळी दहाचा ऑनलाइन तास शहरातील मुलास भेटतो, वाडीतील मुलास भेटत नाही. दोघांनाही तास मात्र सारखाच ‘दिलेला’ असतो.

समानता आणि समन्याय

येथेच दोन संकल्पनांमधील भेद स्पष्ट होतो. सर्वांना एकच वस्तू देणे ही समानता होय. प्रत्येकास ज्याच्या अभावी तो मागे राहतो ते देणे, हा समन्याय होय. आणि दिल्यानंतर त्यास वर्गाचा घटक म्हणून वागविणे, त्याची भाषा, त्याचे अनुभव व त्याच्या अडचणी पाठात सामावून घेणे, यास समावेशन म्हणतात. घरी पाटी नसलेल्या मुलास पाटी देणे हा समन्याय. त्या पाटीवर त्याच्या गावचे नाव प्रथम लिहावयास शिकविणे हे समावेशन.

अडथळ्यांची उतरंड

‘मोबाइल नाही’ एवढ्या दोन शब्दांत या प्रश्नाची बोळवण करण्याची सवय झाली आहे. वस्तुतः अडथळे एकावर एक रचलेले असतात.

पहिला अडथळा साधनांचा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे शहरी भागात ४२ टक्के, तर ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के आढळली. ग्रामीण भागात संगणक असलेली कुटुंबे शंभरात पाचही नव्हती. पुढे स्मार्टफोन झपाट्याने वाढले. ‘असर’ या पाहणीनुसार शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांच्या घरांतील स्मार्टफोनचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले.

दुसरा अडथळा घरातल्या घरातला. २०२१ च्या त्याच पाहणीत असे दिसून आले की, घरी स्मार्टफोन असूनही सुमारे २६ टक्के मुलांच्या हाती तो येत नव्हता. लहान वर्गांतील मुलांची स्थिती याहून बिकट होती. कारण उघड आहे. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर सकाळीच कामावर जातो. सायंकाळी परत येतो तेव्हा प्रथम थोरल्या मुलाच्या हाती पडतो. मुलीच्या वाट्याला पाणी, स्वयंपाक आणि धाकटी भावंडे येतात. तेव्हा ‘घरी फोन आहे काय?’ हा प्रश्न अपुरा ठरतो. ‘तो कोणाच्या हाती, किती वेळ असतो?’ हा खरा प्रश्न होय.

तिसरा अडथळा भाषेचा. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मराठी पाठमाला सुरू झाली. तथापि ती महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांवर बेतलेली होती. कर्नाटकात चंदना वाहिनीवरून पाठ प्रसारित झाले, ते तेथील अभ्यासक्रमाचे. सीमेवरील मूल या दोन प्रवाहांच्या मध्ये उभे राहते. घरची भाषा एका वाहिनीवर, शाळेचा अभ्यास दुसऱ्या वाहिनीवर.

चौथा अडथळा अपंगत्वाचा. अंध विद्यार्थी ज्या वाचक आज्ञावलीच्या साहाय्याने मजकूर ऐकतो, तिला युनिकोडमधील अक्षरे वाचता येतात. कागदाचे छायाचित्र वाचता येत नाही. येथे स्वतःच्या एका चुकीची कबुली देणे योग्य होईल. साथीच्या काळात प्रस्तुत लेखकाने ऑनलाइन पाठांच्या वेळापत्रकाचे एक सुबक रंगीत पत्रक तयार करून सर्वत्र पाठविले. दोन दिवसांनी एका अंध विद्यार्थ्याच्या आईचा दूरध्वनी आला. ‘साहेब, पत्रक चांगलं दिसतं म्हणतात, पण माझ्या मुलाच्या फोनला त्यात एकही अक्षर सापडत नाही.’ ते पत्रक चित्ररूपात होते. साध्या मजकुराचा संदेश तयार करण्यास दहा मिनिटेही लागली नाहीत. ते सुचावयास मात्र त्या माउलीचा दूरध्वनी यावा लागला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने सुगम्यता हे कर्तव्य ठरविले आहे, याचे स्मरण प्रसिद्धीचे काम करणाऱ्या प्रत्येकाने ठेवावे.

पाचवा अडथळा पोटाचा. शाळा म्हणजे केवळ पाठ नव्हे; तेथे दुपारचे जेवण असते, मैत्रिणी असतात, घरकामातून चार तासांची सुटका असते. पडदा यांपैकी काहीच देऊ शकत नाही.

बंदीने समन्याय साधतो काय?

साधने सर्वांकडे नाहीत, तर ऑनलाइन वर्गच नकोत, असाही एक विचार पुढे आला. कर्नाटक शासनाने जून २०२० मध्ये लहान वर्गांच्या ऑनलाइन तासांवर बंदी घातली होती. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. त्याच वेळी असे शिक्षण सक्तीचे करता येणार नाही, हेही स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयानेही ८ ऑक्टोबर २०२१ रोजी दिल्लीतील दुर्बल घटकांच्या मुलांना साधने पुरविण्यासंबंधीच्या प्रकरणात या दरीची गंभीर दखल घेऊन शासनाने योजना आखावी, असे सांगितले. यातून निघणारा बोध साधा आहे. एकाची वाट अडवून दुसऱ्याची वाट तयार होत नाही; आणि एकाची वाट मोकळी आहे म्हणून दुसऱ्याचा विसर पडणेही न्याय्य नव्हे.

जे मार्ग उपयोगी पडले

दूरवरून शिकविण्याचा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचे शिक्षण देण्याचा ‘साइट’ हा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला; त्यांत कर्नाटकातील खेडीही होती. त्या वेळी घरोघरी संच असणे कल्पनेपलीकडचे होते. म्हणून गावासाठी एक सामुदायिक संच ठेवला गेला. साधन दुर्मिळ असेल तर ते सामायिक करावे, हा त्या प्रयोगाचा धडा आजही लागू पडतो.

कर्नाटक शासनाने ऑगस्ट २०२० मध्ये सुरू केलेला ‘विद्यागम’ हा उपक्रम याच विचाराचा होता. विद्यार्थ्यांचे तीन गट कल्पिण्यात आले : इंटरनेट असलेले, साधा मोबाइल असलेले आणि काहीच नसलेले. शिक्षकांनी वस्तीत जाऊन देवळाचा मंडप, समाजमंदिर किंवा झाडाची सावली येथे लहान गटांस शिकवावे, अशी योजना होती. संसर्गाच्या भीतीने ऑक्टोबरमध्ये उपक्रम थांबवावा लागला. जानेवारी २०२१ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. अडचणी आल्या, हे खरे. परंतु ज्याच्याकडे काहीच नाही त्याची नोंद आधी करावयाची, हे त्याचे सूत्र मोलाचे आहे.

महाराष्ट्रातही असे मार्ग शोधले गेले. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पट्ट्यातील वाड्यांत दिगंत स्वराज फाउंडेशनने ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविणारी ‘बोलकी शाळा’ चालविली. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत घरांच्या भिंतींवर धडे रंगविण्यात आले. येता-जाता मुले वाचू लागली. ध्वनिक्षेपकास इंटरनेट लागत नाही, भिंतीस तर वीजही लागत नाही.

भाषेच्या अडथळ्यावरही सोलापूर जिल्ह्यातच उत्तर सापडते. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाच्या परिचयात असे नमूद आहे की, मुलांची भाषा कानडी असल्याने त्यांनी ती शिकून पाठ्यपुस्तकांचा अनुवाद केला व पुस्तकांत क्यूआर संकेत जोडून ध्वनी आणि चित्रफिती पुरविल्या. तेथे मराठी शाळेत कानडी मूल होते. जोयड्यात नेमके उलट चित्र आहे. परितेवाडीत जे घडले ते बाजारकुणंगच्या बाजूनेही घडू शकते.

आपण काय करू शकतो?

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१. वर्षारंभी प्रत्येक मुलाची नोंद करावी : साधन कोणते, हाती किती वेळ, जाळे कोठे मिळते, घरची भाषा कोणती. मुलींची नोंद मुलींना विचारूनच करावी.

२. प्रत्येक पाठ तीन रूपांत असावा : चित्रफीत, केवळ ध्वनी आणि छापील पान. ध्वनिफितीस जाळे कमी लागते. पानास लागतच नाही.

३. तासाची वेळ बांधून ठेवू नये. पाठ एकदा उतरवून घेऊन केव्हाही ऐकता यावा. केंद्र शासनाच्या जुलै २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेने पहिली ते आठवीसाठी दिवसास ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रे सुचविली होती, हेही ध्यानात ठेवावे.

४. पंचायत कार्यालय, वाचनालय किंवा शाळा यांपैकी एका ठिकाणी सामायिक संच व राखीव वीज असावी. तेथे मुलींसाठी वेळ राखून ठेवावी.

५. नवा शब्द प्रथम घरच्या भाषेत सांगावा, मग शाळेच्या. घरची भाषा हा दोष नव्हे. ती पहिली पायरी आहे.

६. सूचनापत्रे युनिकोडमध्ये असावीत, चित्रफितींखाली मजकूर द्यावा. कर्णबधिर मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या सांकेतिक भाषेतील चित्रफिती उपलब्ध आहेत. त्यांची माहिती पालकांपर्यंत पोहोचवावी.

७. तीन दिवस दिसले नाही अशा मुलाच्या घरी कोणीतरी जावे. पडद्यावर गैरहजेरी आवाज करीत नाही. वर्गातील रिकामे बाक डोळ्यांना दिसते. पडद्यावरील रिकामा चौकोन नाहीसाच होतो.

यांतील शेवटची सूचना सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत अधिक महत्त्वाची आहे. समजा, बाजारकुणंगच्या एखाद्या वाडीतील सातवीची मुलगी जुलैच्या पावसात आठवडाभर पाठास आली नाही. यंत्र तिची ‘अनुपस्थित’ अशी नोंद करील. शिक्षक ओढा ओलांडून घरी गेले, तर त्यांना कळेल की फोन नादुरुस्त आहे, आई लावणीला जाते आणि धाकटा भाऊ तिच्या कडेवर आहे. मग छापील पाने तिच्या हाती पडतील, आईशी चार शब्द बोलणे होईल, आणि शाळा सुटण्याच्या मार्गावर असलेली एक मुलगी शाळेत राहील.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील किती मुलांच्या घरी फोन आहे आणि किती मुलांच्या हाती तो येतो? दोन्ही आकड्यांतील अंतराची कारणे शोधा.

२. आपल्या गावात वीज व जाळे नसताना चालू शकेल, असा पाठ देण्याचा एक मार्ग सुचवा.

३. आपण काढलेली शेवटची सूचना अंध, अल्पशिक्षित अथवा अन्य भाषक पालकास समजली असती काय?

तंत्र कितीही पुढे गेले तरी ते एक साधनच राहणार. ते कोणाच्या हाती पोहोचले नाही याची विचारपूस माणसानेच करावयाची असते. शेवटच्या वाडीतील मुलाचे नाव हजेरीपटावर आहे. ते तेथे राहील याची काळजी वाहणे, हेच आपणा सर्वांचे काम होय.