इसार देण्याआधी एवढं ऐक

सुमे, कागलात एखादं जुनं कौलारू घर घ्यायचं, डागडुजी करायची आणि सहा महिन्यांत विकायचं, हा तुझा बेत काही वाईट नाही. हायवे आहे, पंचतारांकित एमआयडीसी आहे, घर शोधणारी माणसं आहेत. पण बाई, यातला नफा खरेदीच्या दिवशीच ठरतो. मागून रंग देऊन तो वाढत नाही.

आधी प्रॉपर्टी कार्ड बघ. घर अजून आजोबांच्याच नावावर असेल तर वारस मोज. 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत लेकींचाही मुलांइतकाच हिस्सा आहे. निपाणीला, इचलकरंजीला दिलेल्या बहिणींच्या सह्या नसतील तर भाऊ कितीही गोड बोलू देत, तू पैसे काढू नकोस. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च काढून घे. थकलेला घरफाळाही बघ. आणि मंजूर नकाशा माग, कारण तुझं गिऱ्हाईक कर्ज काढूनच येणार आणि बँक पहिल्यांदा तोच मागणार.

मग भिंती. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की महिनाभर झकास दिसतं. आतली ओल मात्र कोंडते, आणि एका पावसाळ्यात पोपडे सुटायला लागतात. तुळई भिंतीत शिरते ना, नेमकं तिथं स्क्रू ड्रायव्हर टोचून बघ. लाकूड भुसभुशीत लागलं तर आत वाळवी असणार, आणि छपराचा खर्च तू धरलेलाच नाहीस. घर बघायला एजंटाआधी चांगला गवंडी ने.

मुद्रांक शुल्काचं सांगते. घर फक्त तुझ्या नावावर घे, बाईला एक टक्का सूट आहे. असं घर 15 वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट 2023 मध्ये निघाली. नोंदणी फी वेगळी, कमाल 30,000. आणि 24 महिन्यांच्या आत विकलंस तर सगळा फायदा तुझ्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर बसतो. त्यानंतर विकलंस तर 12.5 टक्के. सहा महिन्यांचा हिशेब मांडताना हे तू धरलंयस का? विकताना कुणी "थोडे रोख घ्या" म्हणालं तरी ऐकू नकोस. 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतलीस तर तेवढाच दंड होऊ शकतो.

दागिने मात्र यात मोडू नकोस. गिऱ्हाईक वर्षभर आलं नाही तर हप्ता कुठून भरायचा, ते घरात बसून आधी ठरवा. इसार त्यानंतरच दे.