आधी अर्थिंग, मग वीज : नेटवर्कच्या जोडणीतील पहिला धडा

1990 च्या दशकात आपल्या जिल्ह्यातील तरुणांनी एस.टी.डी. बूथ चालवले. पुढे मोबाईल दुरुस्ती आली, त्यानंतर सी.सी.टी.व्ही. आले आणि आता घरोघरी, दुकानोदुकानी इंटरनेटची जोडणी देण्याचे काम आले आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा कोठेही जा. वायरमन, मोटार रिवाइंडिंगवाले, रेडिओ-टी.व्ही. दुरुस्त करणारे कारागीर या कामाकडे वळलेले दिसतात. पतसंस्था, दवाखाने, कापडाची दुकाने, शाळा, सेवा केंद्रे असे गिऱ्हाईकही भरपूर आहे. हे काम हात स्वच्छ ठेवणारे आणि कमी भांडवलाचे असल्याने ते धोक्याचे नाही, असा एक समज झाला आहे. तो समज दूर करणे हाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही पाहिलेली एक गोष्ट सांगतो. जिल्ह्यातील एका मोठ्या गावात एका पतसंस्थेत भिंतीवर लोखंडी रॅक बसवण्याचे काम चालू होते. मदतीला आलेला मुलगा स्टुलावर उभा राहून केबल ओढत होता. त्याचा दंड रॅकला लागला, झटका बसला आणि तो खाली पडला. मनगट मोडले. दोन महिने रोजगार बुडाला. नंतर तपासले तेव्हा बोर्डावर तीन पिनांचे सॉकेट होते, पण तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नव्हती. सॉकेट पाहून सर्वांनी अर्थिंग आहे असे गृहीत धरले होते. चूक कोणा एकाची नव्हती. विचारायचे कोणी, हेच ठरलेले नव्हते.

झिणझिण्या कशामुळे येतात?

पुष्कळ दुकानदार तक्रार करतात की डी.व्ही.आर. किंवा स्विचच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. कारागीर म्हणतो, "थोडा करंट येतोच." हे उत्तर बरोबर नाही. अशा यंत्राच्या वीजपुरवठ्यात आवाज व खरखर गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर बसवलेले असतात. एक फेजकडून पत्र्याला आणि दुसरा न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेला असतो. अर्थिंग ठीक असेल तर त्यातून झिरपणारा अत्यल्प करंट जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध लोंबकळतो आणि त्यावर 230 च्या निम्मे, म्हणजे सुमारे 115 व्होल्ट दिसतात. करंट फारच थोडा असल्याने केवळ झिणझिण्या येतात. पण यंत्राने दिलेली ही सूचना आहे : "मला अर्थिंग नाही." उद्या आतली फेजची वायर सुटून पत्र्याला लागली तर झिणझिण्यांवर भागणार नाही.

बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग चांगले, हा गैरसमज

आपल्याकडे फेज आणि अर्थ यांच्यामध्ये 100 वॅटचा बल्ब लावून पाहण्याची पद्धत आहे. बल्ब लख्ख पेटला की अर्थिंग पास! थोडा हिशेब करू. 100 वॅटचा बल्ब 230 व्होल्टवर अर्ध्या अँपिअरहूनही कमी करंट घेतो. पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे 529 ओहम असतो. अर्थिंगचा रोध 28 ओहम, म्हणजे फार वाईट असला, तरी त्यात फक्त 12 व्होल्टच्या आसपास खर्ची पडतात. बल्ब डोळ्यांना तेवढाच उजळ दिसतो. म्हणून बल्बवरून अर्थिंगची तार जोडलेली आहे एवढेच कळते. ती किती चांगली आहे ते कळत नाही. शिवाय ही चाचणी करणाऱ्याच्याही जिवावर बेतू शकते. रोध मोजण्यासाठी अर्थ टेस्टर नावाचे यंत्र असते. जमिनीत थोड्या थोड्या अंतरावर दोन सळ्या ठोकून त्याने रोध मोजतात. दोन-चार कारागिरांनी मिळून एक यंत्र घेतले तर कोणालाच जड जाणार नाही.

आपल्या जिल्ह्याची जमीन

धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावर आणि तेरणा, मांजरा, सीना या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला आहे. नद्यांच्या बाजूला काळी जमीन, तर पठारावर मुरूम आणि खाली कठीण काळा दगड. अर्थिंगला याचा फार मोठा फरक पडतो. 40 मिलिमीटर जाडीचा, 3 मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप ओल्या काळ्या मातीत उभा पुरला आणि त्या मातीचा विशिष्ट रोध 10 ओहम-मीटर धरला, तर अर्थिंगचा रोध सुमारे 2.9 ओहम येतो. तोच पाइप 100 ओहम-मीटरच्या कोरड्या मुरमात पुरला तर रोध सुमारे 29 ओहम येतो. पाइप तोच, मेहनत तीच, फळ दहापट कमी.

काळ्या मातीचीही एक खोड आहे. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात आणि पाइपभोवती पोकळी तयार होते. जानेवारीत उत्तम असलेले अर्थिंग एप्रिलमध्ये नावापुरते उरते. म्हणून खड्ड्यात पाणी घालण्याची सोय ठेवावी, झाकण असावे, आणि चैत्र-वैशाखात पाणी घालण्याचे काम गिऱ्हाइकाकडे नेमून द्यावे. कोळसा व मीठ घालण्याची जुनी रीत रोध कमी करते, पण मीठ पाइप खाते आणि पाण्याबरोबर वाहूनही जाते. बेंटोनाइटसारखी ओल धरून ठेवणारी माती अधिक टिकते. पाइप इमारतीच्या पायापासून किमान दीड मीटर दूर असावा. अर्थिंगच्या कामाची सविस्तर संहिता भारतीय मानक 3043 या क्रमांकाने प्रसिद्ध आहे; ज्यांना हा व्यवसाय करायचा आहे त्यांनी ती अवश्य पाहावी.

एम.सी.बी. पडेल, असे समजू नका

समजा, फेजची वायर रॅकच्या पत्र्याला लागली. अर्थिंग 29 ओहमचे आहे. 230 ला 29 ने भागले तर करंट येतो सुमारे 8 अँपिअर. ट्रान्सफॉर्मरकडील अर्थिंगचा रोध मिळवला तर आणखी कमी. बोर्डावर 16 अँपिअरचा एम.सी.बी. असेल तर तो 8 अँपिअरला कधीच पडणार नाही. रॅक तसाच तापलेल्या तव्यासारखा वाट पाहत राहील. म्हणून आपल्याकडच्या मुरमाड जमिनीत नुसत्या अर्थिंगवर विसंबून चालत नाही. 30 मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवणे हेच खरे संरक्षण आहे. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला नाही, वाटेत कोठे गळला, की तो क्षणात वीज तोडतो. त्यावरील 'टी' लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. बटण दाबूनही तो पडला नाही तर तो बदलावा.

न्यूट्रलला अर्थ जोडू नका

तिसऱ्या पिनेला वायर नसली की काही मंडळी सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. गिऱ्हाइकाची झिणझिणी थांबते आणि कारागीर हुशार ठरतो. पण खांबावरचा न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला, तर चालू असलेल्या दिव्यातून आणि पंख्यातून आलेले 230 व्होल्ट सरळ रॅकच्या पत्र्यावर येतात. म्हणजे अर्थिंग म्हणून जोडलेली वायरच मारेकरी ठरते. तसेच न्यूट्रल गेला म्हणून अर्थच्या पाइपाचा न्यूट्रल करून मोटार किंवा दिवे चालवण्याचा प्रकार खेड्यांत आढळतो. त्या पाइपावर आणि त्याला जोडलेल्या प्रत्येक पत्र्यावर त्या वेळी वीज असते. अशा ठिकाणी नेटवर्कचे काम आधी थांबवावे आणि परवानाधारक वायरमनकडून मूळ दोष काढून घ्यावा. गिऱ्हाईक नाराज झाले तरी चालेल.

कामाचा क्रम

1. हत्यार काढण्यापूर्वी मल्टिमीटर काढा. फेज ते न्यूट्रल सुमारे 230, फेज ते अर्थ तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. शेवटचा आकडा शून्यच असेल तर कोणी दोन्ही जोडून ठेवले आहेत का, ते बोर्ड बंद करून, उघडून पाहा.

2. रॅक भिंतीवर घट्ट बसवा. त्यात एक तांब्याची पट्टी लावा. त्या पट्टीपासून मुख्य अर्थिंगपर्यंत हिरवी-पिवळी, किमान 6 चौरस मिलिमीटर तांब्याची तार न्या. जेथे तार स्क्रूने आवळायची तेथील रंग खरवडून काढा. रंगावरून वीज जात नाही. दारालाही वेगळी लवचिक तार द्या.

3. प्रत्येक यंत्राच्या अर्थच्या स्क्रूपासून स्वतंत्र तार पट्टीवर आणा. एकाची दुसऱ्याला आणि दुसऱ्याची तिसऱ्याला अशी साखळी करू नका. मधले यंत्र काढले की पुढच्या सगळ्यांचे अर्थिंग जाते.

4. अर्थिंग झाल्यावरच वीज जोडा. काढताना उलट : आधी वीज, मग केबल, सर्वांत शेवटी अर्थ. हा नियम पाठ असावा. अर्थ सर्वांत आधी, अर्थ सर्वांत शेवटी.

5. यू.पी.एस. आधी रिकामा चालू करून पाहा, नंतर एकेक यंत्र जोडा. सर्व एकदम चालू केल्यास दोष कोणत्या यंत्रात आहे ते कळत नाही.

6. बॅटरीवर काम करताना अंगठी, घड्याळ आणि कडे काढून ठेवा. 12 व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे, पण पान्हा दोन टोकांना एकदम लागला तर शेकडो अँपिअर वाहतात, धातू लाल होतो आणि बोट भाजते. बॅटरीच्या जवळच फ्यूज असावा.

वीजपुरवठ्याचा हिशेब

नेटवर्कला स्वतंत्र लाइन असावी. ज्या लाइनवर वेल्डिंगचे मशीन किंवा मोटार आहे, तिच्यावर राउटर ठेवला तर तो वारंवार बंद-चालू होतो आणि दोष इंटरनेट कंपनीला लागतो. एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा बोर्ड लावू नये.

वीज गेल्यावर किती वेळ चालेल, हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो. उत्तर अंदाजाने देऊ नका. 12 व्होल्टचे, दीड अँपिअर घेणारे यंत्र म्हणजे 18 वॅट. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 84 वॅट-तास. बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, म्हणून 42 धरा. 42 भागिले 18, म्हणजे सव्वादोन तास. बॅटरी जुनी झाली की आणखी कमी. हेच कागदावर लिहून द्या. भारनियमन चार तासांचे असेल तर दुप्पट बॅटरी लागेल, हेही आधीच सांगा. नंतर भांडण्यापेक्षा ते बरे.

वळवाचा पाऊस आणि आकाशातील वीज

एप्रिल-मेमधील वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात विजा पडून दरवर्षी माणसे व जनावरे दगावतात. गच्चीवर लोखंडी खांब उभारून त्यावर अँटेना लावणाऱ्या कारागिराने हे विसरू नये. ढग जमू लागले की खांबावरून खाली उतरावे; राहिलेले काम उद्या होईल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप विजेची पूर्वसूचना देते. ते प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असावे.

खांबापासून जमिनीपर्यंत किमान 16 चौरस मिलिमीटर तांब्याची तार इमारतीच्या बाहेरून, तीव्र वळणे न घेता, सरळ खाली न्यावी. खांबाचे अर्थिंग आणि आतल्या रॅकचे अर्थिंग वेगवेगळे ठेवणे ही मोठी चूक आहे. 10,000 अँपिअरची वीज 5 ओहमच्या अर्थिंगमध्ये उतरली तर तेथे 50,000 व्होल्ट उभे राहतात. दुसरे अर्थिंग वेगळे असेल तर हा फरक भरून काढण्यासाठी वीज लॅन केबलमधून स्विचमध्ये घुसते. दोन्ही पाइप जमिनीखालून एकमेकांना जोडावेत. केबल घरात शिरते तेथेच सर्ज प्रोटेक्टर लावावा आणि त्याची अर्थची तार शक्य तितकी आखूड, अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी. एवढे करूनही थेट पडलेली वीज कोणी अडवू शकत नाही, हे गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे सांगावे.

दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल न टाकता फायबर टाकावे. काचेतून वीज जात नाही. मात्र बाहेरच्या फायबरमध्ये आधारासाठी पोलादी तार असते. ती घराबाहेरच कापून टाकावी. आत राउटरपर्यंत नेली तर काचेचा फायदा राहत नाही.

कोटेशनमध्ये एक ओळ

कारागीर सांगतात की अर्थिंगचा खर्च दाखवला तर काम दुसरा घेऊन जातो. आमचे म्हणणे असे की कोटेशनमध्ये 'अर्थिंग तपासणी' ही ओळ वेगळी लिहावी, मोजलेला आकडा व तारीख लिहून त्याची एक प्रत गिऱ्हाइकाला द्यावी. अर्थिंग नसेल आणि गिऱ्हाईक करून घेण्यास तयार नसेल, तर तेही कागदावर लिहून सही घ्यावी. सही मागितली की बहुतेक दुकानदार विचारात पडतात आणि खर्चाला तयार होतात, असा आमचा अनुभव आहे. दुकानदार बंधूंनीही स्वस्त कोटेशन घेताना एवढे विचारावे : यात अर्थिंग धरले आहे का?

त्या पतसंस्थेतील मुलाचे मनगट आता जुळले आहे आणि तो स्वतः जोडणीची कामे घेतो. रॅक उघडण्यापूर्वी तो खिशातून मल्टिमीटर काढतो. पडल्यावर जे शिकला ते न पडता शिकता आले असते. आपल्या हाताखालच्या मुलांना ते तसे शिकवावे, एवढेच सांगणे.