पातळ ठेव गं, तुटत नाही

अगं, आधी ते एलिप्टिक इंटिग्रलचं पान बंद कर बघू. पिन-बिजागऱ्या न वापरता स्वतः वाकून काम करणाऱ्या यंत्रणा, म्हणजे कम्प्लायंट मेकॅनिझम, शिकायला घेतल्यास आणि पहिल्याच गणिताला रडकुंडीला आलीस ना? खरं सांगू का, ते गणित शेवटी करायचं असतं. सुरुवात हाताने करायची.

तू सटाण्याची, त्यामुळे पहिला नमुना शोधायला लांब जायला नको. डाळिंबाच्या बागेतला एखादा टाकून दिलेला प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर उघड. टाकून दिलेलाच घे हं! चालू लॅटरल नळीवरचा उपटलास तर अण्णा ओरडतील आणि तू माझं नाव पुढे करशील. आत एक छोटी रबरी चकती दिसेल. पाण्याचा दाब वाढला की ती वाकते, पाण्याच्या वाटेवर टेकत जाते आणि वाट अरुंद करते. म्हणून दाब वाढला तरी पाणी ठरल्याइतकंच पडतं. मोटरीजवळच्या झाडाला जेवढं, तेवढंच चढावरच्या शेवटच्या झाडाला. पिन नाही, ग्रीस नाही, झिजणारा सांधा नाही.

याच चकतीवर जळगावच्या जैन इरिगेशनबरोबर अमेरिकेतल्या एमआयटीच्या एमॉस विंटर यांच्या चमूने काम केलंय. नेहमीच्या अशा ड्रिपरला साधारण १ बार दाब लागतो. त्यांनी चकती आणि तिच्याखालच्या वाटेची मापं बदलून तो ०.१५ बारवर आणला. दाब कमी म्हणजे पंप लहान, आणि पंप लहान म्हणजे सोलरचा खर्चही कमी. चकती किती आणि कशी वाकते, एवढ्या हिशेबावर हे सगळं उभं आहे. तेव्हा ‘याचा उपयोग काय’ असं कुणी विचारलं तर त्याला सरळ बागेत ने.

आता मुख्य गोष्ट. आपल्याला कॉलेजात सवय लागते ती जाड करण्याची. तुटेल असं वाटलं, की वाढव जाडी. मीही त्याच पंथातली. माझी जुनी ड्रॉइंगं बघितलीस तर वाटेल, रणगाडा बनवत होते. पण बघ, वजन ठरलेलं असेल तेव्हा जाडी वाचवते. आणि किती वाकायचं हे ठरलेलं असेल तेव्हा तीच जाडी घात करते.

आकड्यांत बघ. १०० मिलिमीटर लांब स्टीलची पट्टी एका टोकाला पकडली आणि दुसरं टोक १० मिलिमीटर खाली दाबलं. पट्टी २ मिलिमीटर जाड असेल तर मुळाशी स्ट्रेस येतो सुमारे ६०० मेगापास्कल. जाडी १ केलीस तर ३००, अर्धा मिलिमीटर केलीस तर १५०. साधं स्टील २५० च्या आसपास कायमचं वाकडं होतं. म्हणजे पहिल्या दोन पट्ट्या वाकड्याच राहतील आणि सगळ्यात पातळ पट्टी सुखरूप जागेवर येईल! लांबी दुप्पट केलीस तर स्ट्रेस चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून घाबरलीस की जाडी नाही, लांबी वाढव. मात्र पातळ पट्टीवर उभा दाब देऊ नकोस; ती बाजूला फुगून बसेल.

मटेरियल निवडताना नुसती ताकद बघू नकोस, ताकद भागिले ताठपणा बघ. शाम्पूच्या बाटलीचं झाकण पॉलिप्रॉपिलीनचं असतं. त्याची ताकद स्टीलपेक्षा कितीतरी कमी, पण ताठपणा त्याहूनही कमी. म्हणून कागदासारखी पातळ बिजागरी हजारो वेळा उघडमीट करूनही टिकते.

गणिताची भीती घालवायला एक सोपी युक्ती आहे. लॅरी हॉवेल आणि अशोक मिधा यांनी रुळवलेल्या स्यूडो-रिजिड-बॉडी मॉडेलमध्ये वाकणाऱ्या पट्टीच्या जागी एक ताठ दांडा आणि स्प्रिंगची बिजागरी धरतात. टोकावर आडवं बल असेल तर दांड्याची लांबी पट्टीच्या ०.८५ पट. म्हणजे तुझ्या १०० मिलिमीटरच्या पट्टीत बिजागरी मुळापासून १५ मिलिमीटरवर. झालं, पुढे तुझ्या ओळखीचीच फोर-बार लिंकेज! हॉवेल यांचं २००१ चं पुस्तक लायब्ररीत मिळालं तर घे. बंगळुरूच्या आयआयएससीचे जी. के. अनंतसुरेश यांचा कोर्स एनपीटेलवर फुकट आहे. इंग्रजी भरभर वाटलं तर वेग कमी कर आणि प्रत्येक आकृती वहीत काढ. त्यात लाजायचं काही नाही गं.

थ्री-डी प्रिंटर नाही म्हणून अडून बसू नकोस. स्टेशनरीच्या दुकानातून पॉलिप्रॉपिलीनची फाइल आण, कात्रीने पट्ट्या काप, जाड पुठ्ठ्यावर टाचण्यांनी पक्क्या कर. कोपरे टोकदार कापू नकोस, गोलाई ठेव, नाहीतर चीर तिथूनच सुरू होते. पुढे प्रिंटर मिळाला तर भाग आडवा ठेवून छाप. वाकताना थर एकमेकांपासून सुटायला नकोत. आणि सॉफ्टवेअरमध्ये ‘लार्ज डिफ्लेक्शन’ चालू केल्याशिवाय उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. ही माझी सक्त ताकीद समज.

आणि हो, ‘बाईने वाकायला शिकावं’ असला उपदेश मी यातून काढणार नाही. तो फुकट वाटणाऱ्या मावश्या गावात पुष्कळ आहेत. तू फक्त पट्टी वाकव.

या रविवारचं काम सांगते. एकाच लांबीच्या दोन पट्ट्या समांतर उभ्या लाव आणि वर पुठ्ठ्याचा तुकडा जोड. तो तुकडा न कलंडता बाजूला सरकतो का ते बघ. सरकताना किंचित खालीही उतरेल. किती उतरतो ते फूटपट्टीने मोज, ०.८५ वापरून काढलेल्या उत्तराशी ताडून बघ आणि दोन्ही आकडे मला पाठव. जुळले नाहीत तरी पाठव. फरक कुठून आला ते आपण दोघी मिळून शोधू.